रतनसिंगांचा हजेरीपट

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात मी मराठी शिकवतो आणि रतनसिंग राठोड हजेरीचे बाबू आहेत. सव्वीस वर्षं हा माणूस रोज वर्गात डोकावून डोकी मोजतो आणि हजेरीपटात टिपतो. मग विद्यापीठाला साक्षात्कार झाला, की नवी पिढी मोबाइलवर जगते, तेव्हा हजेरीही मोबाइलवरच हवी. ॲप आलं. मोबाइल कॉलेजच्या कुंपणात शिरला की विद्यार्थी हजर. कागदी हजेरीपट बंद करायचा हुकूम सुटला.

पोरांनी विद्यापीठाचे मनापासून आभार मानले. गावात शेळ्या राखायच्या पाळ्या लागतात, तशा त्यांनी मोबाइल नेण्याच्या पाळ्या लावल्या. घरातला जुना, काच तडकलेला मोबाइल हजेरीचा, चांगला खिशातला. ज्याची पाळी असेल तो पिशवीभर मोबाइल घेऊन एसटीतून उतरायचा. बाकीचे सोयाबीनच्या सोंगणीला, नाहीतर वाशिमला फिरायला. मी पिशवीला व्याकरण शिकवू लागलो. हजेरी अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर गेली. प्राचार्यांना विद्यापीठाचं अभिनंदनपत्र आलं, ते त्यांनी फ्रेम करून भिंतीवर लावलं.

वर्गात रोज खरोखर येणारी एकच, मेडशीची रत्नमाला. तिच्याकडे साधा बटणांचा फोन. ॲपनं तिला वर्षभर गैरहजर धरलं आणि तिचा परीक्षेचा फॉर्म अडवला.

रतनसिंगांनी हुकूम मोडून, निव्वळ सवयीनं, हजेरीपट चालूच ठेवला होता. तो काखेत मारून ते प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी पानं उलटली. रत्नमाला रोज हजर, बाकी जवळजवळ सगळा वर्ग गैरहजर. हे खरं धरलं तर भिंतीवरची फ्रेम उतरवावी लागणार होती. त्यांनी हजेरीपट कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि मोठ्या मनानं मार्ग सुचवला: मुलीनं वर्षभर न आल्याबद्दल माफीचा अर्ज द्यावा, खास बाब म्हणून फॉर्म घेऊ.

मला संताप आला. पण नोकरी मलाही प्यारी, म्हणून मी गप्प बसलो, याची आजही लाज वाटते. फॉर्म भरायचा तो शेवटचा दिवस होता. रतनसिंगांनी कोरा कागद रत्नमालापुढे सरकवला. तिनं अर्ज लिहिला, खाली सही केली आणि मग विचारलं, “काका, मी त रोज येत होती ना?”

“हो बाई,” रतनसिंग अर्जावर शिक्का मारत म्हणाले, “थेच नडलं तुले.”