मास्तरांचा पट्टा

आमचे हे नाकावर माशी बसू देत नाहीत. दुकानात यांना सगळे मास्तर म्हणतात, आणि मास्तर कापड कापायला लागले की मालकसुद्धा दोन पावलं मागे उभे राहतात. मी त्याच दुकानात काज-बटणं करते. म्हणजे घरी नवरा आणि दुकानात मास्तर, दोन्हीकडे यांचंच ऐकायचं. आता मी तरी कुठे गप्प बसणारी आहे म्हणा, पण कापडाच्या बाबतीत मात्र यांचा हात धरणारं कुणी नाही.

तर असा माणूस आतड्याच्या दुखण्याने आडवा झाला. मोठं आतडं काढावं लागलं आणि लहान आतड्याचं तोंड पोटावर उजव्या बाजूला बाहेर आणलं. त्यावर एक चिकटणारी चकती आणि चकतीला पिशवी. पोटातलं सगळं पातळ होऊन त्या पिशवीत उतरतं, भरली की रिकामी करायची. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, आता याची सवय करा. ह्यांनी सवय केली, पण स्वतःपुरती. न्हाणीघरात जायचं, दार लावायचं, आणि आत काय चालतं ते मला विचारायचंही नाही. दुकानात कुणाला कळता कामा नये, अशी मला तंबी होती. पोटाचं ऑपरेशन झालं, एवढंच सांगायचं.

हळूहळू त्या तोंडाशेजारी पोट फुगायला लागलं. उभं राहिलं की फुगवटा बाहेर, आडवं झालं की आत. पिशवी भरली की तिचं वजन ओढायचं आणि चकती कडेने सुटायची. इस्पितळात या पिशव्यांचं काम बघणारी एक सिस्टर होती, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी, बोलायला फटकळ. ती म्हणाली, आधाराचा पट्टा लागेल, या एकदा मापाला.

मापाला या, हे कुणाला सांगतेय ही बाई? हे घरी येईपर्यंत धुसफुसत होते. सगळं आयुष्य कंबरपट्ट्या शिवण्यात गेलं आणि माझ्या कमरेचं माप दुसऱ्याने घ्यायचं? मी म्हटलं, अहो, ती पँट नाहीये. पण ऐकतील तर शपथ.

ह्यांनी पट्टा स्वतः शिवला. पँटच्या कमरेत घालतात ते जाड कॅनव्हास, रुंद इलॅस्टिक, वरून तीन-तीन टिपा आणि पाठीमागे हुकांची रांग. काम इतकं सुबक की कुणी काचेच्या कपाटात ठेवावं. माप घेतलं आरशासमोर ताठ उभं राहून, जसं आयुष्यभर गिऱ्हाइकांचं घेतलं. पिशवी बाहेर यायला भोक ठेवलं नाही. भोक पाडलं की कापडाचा जोर जातो, आणि पिशवीही दिसते. वरून सपाट बसलं पाहिजे, म्हणाले. मीही बघितलं आणि म्हटलं, छान बसलाय. खोटं कशाला सांगू, मला खरंच छान वाटला होता.

तो पट्टा बांधून हे कामावर हजर झाले. एका शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आली होती. मालकांनी ह्यांची जागा इतके दिवस राखून ठेवली होती, पण ते तरी कुठवर थांबणार? आज जमलं नाही तर दुसरा कटर बघावा लागेल, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. ते मी ह्यांना बोलले नाही, पण ह्यांना कळलेलंच होतं.

सकाळ छान गेली. कात्रीचा तो करकर आवाज किती दिवसांनी ऐकला. हे टेबलावर वाकून कापत होते. कापडाच्या पलीकडच्या टोकापर्यंत हात न्यायचा तर कटरला पोट टेबलाच्या कडेला टेकवावंच लागतं, सगळेच टेकवतात. जेवायच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सकाळपासून पिशवी कोरडी आहे. एकदाही जावं लागलं नाही. बघ, पट्टा कसा झालाय ते."

आणि मी मूर्ख खूश झाले. एरवी दर थोड्या वेळाने जावं लागायचं, आज नाही, म्हणजे बरंच की. माझ्या डोक्यात एवढं आलं नाही की जे बाहेर यायला हवं ते येत नाहीये, तर ते गेलं कुठे?

ह्यांनी डबा उघडला आणि तसाच झाकला. भूक नाही म्हणाले. मग परत कापायला लागले, पण कात्री मधेच थांबायला लागली. मी काज करता करता बघत होते. ह्यांच्या कपाळावर घाम आणि चेहरा पिवळट. एकदा टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि डोळे मिटून उभे राहिले. इस्त्रीवाल्याने विचारलं, मास्तर, बरं नाही का? हे म्हणाले, उकडतंय. त्या दिवशी अजिबात उकडत नव्हतं. माझं धाबं दणाणलं.

हे हळूहळू चालत गिऱ्हाइकांच्या ट्रायल रूममध्ये गेले आणि पडदा ओढला. मी काम टाकून मागोमाग गेले. बायकोने ट्रायल रूममध्ये घुसावं, बाहेर सगळे बघतायत, पण लाज धरायची ती वेळ नव्हती. आत हे भिंतीला टेकून उभे होते, सदरा वर आणि दोन्ही हात पाठीमागे. पोट इतकं तट्ट फुगलेलं की हूक निघत नव्हते. मला बघून म्हणाले, तू जा. मी म्हटलं, गप्प उभे राहा. मीही ओढून बघितलं. ह्यांनीच लावलेले हूक ते, हलतील कशाला.

मी बाहेर आले, टेबलावरची ह्यांची कात्री उचलली आणि परत आत गेले. ह्यांच्या कात्रीला कुणी हात लावत नाही. मीसुद्धा इतक्या वर्षांत लावला नव्हता. हे पाठ वळवून उभे राहिले. पट्टा कातडीत रुतला होता. खाली बोट सरकवायला जागा नाही, आणि ह्या कात्रीचं पातं वीतभर.  जरा पुढे गेलं तर आतडंच. मी एक बोट कसंबसं आत घुसवलं, बोटावरून पातं सरकवलं आणि पाठीकडून कापत आले. तीन-तीन टिपा घातलेलं ते कॅनव्हास, त्या क्षणी मी ह्यांच्या हुशारीला मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या ते सांगत नाही.

पट्टा सुटला, त्याबरोबर चकतीही कडेने सुटली, आणि पहिल्यांदा मी ते तोंड नीट पाहिलं. सिस्टरने सांगितलं होतं, आतड्याचं तोंड ओठांच्या आतल्या बाजूसारखं लाल असायला हवं. हे काळपट जांभळं पडलं होतं आणि सुजलं होतं. पिशवीत काही नाही.

टॅक्सी मिळेपर्यंत आणि इस्पितळ येईपर्यंत मी ह्यांच्याशी सारखी बोलत होते, काय बोलत होते ते देवाला माहीत. हे पोट धरून वाकलेले. मला एकच दिसत होतं, की हा माणूस दार लावून आत असता, एकटा, तर मला कळलंही नसतं. संतापही चढत होता आणि भीतीही.

सिस्टरने बघितलं आणि लगेच डॉक्टरांना हाक मारली. ह्यांना आडवं केलं, सलाईन लावलं, पिशवी बदलून आतलं दिसेल अशी लावली. डॉक्टर म्हणाले, दाब गेलाय, आता वाट बघू. रंग परत आला आणि वाट मोकळी झाली तर ठीक. नाहीतर परत ऑपरेशन. मी खाटेपाशी बसून त्या पिशवीकडे टक लावून बघत होते. मधेच रंग बरा वाटायचा, मधेच वाटायचं माझेच डोळे मला फसवतायत. संध्याकाळ होत आली तेव्हा पिशवीत जरासं काही उतरलं, मग भळकन आलं. आयुष्यात त्या गोष्टीचा मला कधी आनंद होईल असं वाटलं नव्हतं. मी रडले तिथे. सिस्टर मग आम्हा दोघांना जे बोलली ते बोलली, आणि आम्ही ऐकून घेतलं.

सूज पूर्ण उतरल्यावर तिने आम्हाला पुन्हा बोलावलं. ह्यावेळी मापाला. हे सवयीने तिच्यासमोर ताठ उभे राहिले. ती म्हणाली, झोपा. हे म्हणाले, माप उभ्याने घेतात. ती म्हणाली, पँटचं घेत असतील. उभं राहिलं की फुगवटा बाहेर येतो, तुम्ही तो बाहेर असतानाच वरून आवळलात. झोपलं की तो आत जातो, तेव्हा बांधायचं, म्हणजे तो आतच राहतो. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने खाटेवर आडवे झाले. एवढ्या वर्षांत ह्यांनी झोपलेल्या माणसाचं माप कधी घेतलं नव्हतं.

तिने तीन पट्टे काढले. पहिला बारीक, पिशवीच्या दोन बाजूंच्या कानांत अडकवायचा. त्याने पिशवीचं ओझं पेलवतं, पण फुगवट्याला आधार नाही. दुसरा भलताच रुंद, बसल्यावर बरगड्यांना टोचायला लागला. तिसरा मधला, मऊ आणि ताणणारा, आणि त्याला पिशवी बाहेर यायला गोल भोक, कडेने कडक रिंग. भोक चकतीला घासणार नाही आणि फुगवटा त्यातून डोकावणार नाही, एवढंच मोठं. ह्यांनी शिवण तपासली, एक टीप कच्ची आहे म्हणाले. सिस्टर म्हणाली, असू दे. मग पट्टा बांधून उठवलं, खोकायला लावलं, बसवलं, वाकवलं. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जात होती. हे जरा वेळाने म्हणाले, हलकं वाटतंय. माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात तिने विचारलं, कामाला कसे उभे राहता ते दाखवा. हे खाटेच्या कडेशी उभे राहिले आणि पुढे वाकून हात लांब केला. लोखंडी कड बरोबर त्या रिंगेवर आली. सिस्टरने मधे आपला हात घातला.

"हे असं? दिवसभर?"

हे सदरा नीट करायला लागले. मीच मान हलवली.

ती म्हणाली, मग जगातला कुठलाही पट्टा घ्या, काही उपयोग नाही. त्या दिवशी अर्धं पट्ट्याने केलं आणि अर्धं टेबलाने. कड मांडीवर आली पाहिजे, म्हणजे पायाखाली उंच पाट घ्या. लांबचं कापायला टेबलाच्या पलीकडे जा, आणि कापडाची थानं बिलकुल उचलायची नाहीत. हे जमणार नसेल तर काम सोडा.

घरी आल्यावर हे म्हणाले, काम सोडतो.

मी आधी शांतपणे बोलले, मग शांतपणा संपला. एका पाटासाठी काम सोडायचं? डोक्यावर परिणाम झालाय का? घरी बसून भिंतीकडे बघत राहणार, आणि मी तिथे दुसऱ्याच कटरने कापलेल्या सदऱ्यांना काजं करत बसू? ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाटावर उभा राहिलो की विचारतील. काय सांगू? पोटावर संडासची पिशवी आहे म्हणून सांगू?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली.  पुढचे दिवस घरात आम्ही फक्त कामापुरतं बोललो. सकाळी हे खाटेवर आडवे होत, पट्टा बांधायला मला हाक मारत, एवढंच. कामाचं नाव काढत नव्हते. मालकांचा निरोप आला की नवीन माणूस सोमवारपासून येतोय, मास्तरांनी राग मानू नये. मी तो जसाच्या तसा सांगितला. ह्यांनी नुसतं हं केलं.

सोमवारी मी निघाले तर हे तयार होऊन दारात उभे. वाटेत सुताराच्या दुकानात शिरले आणि एक पाट बाहेर काढायला लावला. कधी सांगून ठेवला होता, कुणास ठाऊक. पाट मी उचलला. ह्यांना उचलायचा नव्हता.

दुकानात नवा कटर आधीच टेबलापाशी उभा होता. मालक चमकले. ह्यांनी पाट टेबलाशी ठेवायला सांगितला, वर चढले आणि वाकून बघितलं. कड मांडीवर आली. सगळ्यांपेक्षा वीतभर उंच दिसत होते, आणि सैल सदऱ्यातूनही उजव्या बाजूला पिशवीचा उंचवटा कळत होता. मशिनी एकेक करून थांबल्या. इस्त्रीवाला आपला गमतीने म्हणाला, "काय मास्तर, भाषण करता की काय?"

मला वाटलं, संपलं. आता हे उतरणार आणि सरळ घरी जाणार. माझ्या हातातली सुई बोटात शिरली तरी मला कळलं नाही.

"करतो," हे म्हणाले. आवाज बारीक निघाला, मग खाकरले. "माझं आतडं पोटावर बाहेर काढलंय. त्यावर पिशवी आहे, शी त्यात जमा होते. टेबलाची कड तिथे लागली तर माझं काही खरं नाही, म्हणून हा पाट. मला थान उचलता येत नाही, ते दुसऱ्याने आणून द्यायचं. बाकी मी पहिल्यासारखा कापतो. मालक, आता काय ते तुम्ही सांगा."

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली. मालक ह्यांच्याकडे बघत राहिले, मग पाटाकडे, मग नव्या कटरकडे. मला तो वेळ सोसवेना. शेवटी ते त्या कटरला म्हणाले, थान आणून दे मास्तरांना, आणि बघ कसं कापतात ते.

कात्री चालायला लागली. मी मान खाली घालून काज करत होते, पण डोळे भरून आले होते आणि समोरचं धड दिसत नव्हतं. हे पाटावरून सगळ्यांदेखत ओरडले, "ते काज वाकडं गेलंय. उसव." मी उसवलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी ह्यांना उलट उत्तर दिलं नाही.