शिंप्याने तंबू शिवला तेव्हा

आमचा शिंपी दोस्त म्हणजे एक वल्लीच! एकदा घातलेली शिवण त्याने जन्मात उसवली नाही. सदरा घट्ट झाल्याची तक्रार घेऊन गिऱ्हाईक आलं, की म्हणायचा, "पोट आत घ्या, साहेब."

एका उन्हाळ्यात आम्ही चार मित्र जीप घेऊन पार उत्तरेच्या रानात गेलो. तिथे माणूस दिसेना, नुसती दलदल आणि डास. दोन-चार दिवसांत आम्ही एकमेकांचं तोंड बघेनासे झालो. त्यात आमच्यातला जीप चालवणारा, आमचा ड्रायव्हर, दरवेळी तंबूची चेन उघडी टाकायचा. एका संध्याकाळी त्याने ती ओढून तोडलीच, आणि वर खुशाल फिरायला निघून गेला. शिंपी असा भडकला, की त्याने सुईदोरा काढून तंबूचं दार आतून शिवून टाकलं.

थोड्या वेळाने ड्रायव्हर बाहेरून बोंबलला, "अरे, उघड! डास फाडून खातायत मला!"

"खाऊ देत. मी शिवण उसवत नसतो."

"मग मरा इथेच! किल्ली माझ्याकडे आहे, हा निघालो मी!"

जीप सुरू झाली आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं. चौथा मित्र न्हावी. त्याने शिंप्याची गचांडी धरली. "उसव, नाहीतर तुझी बिनपाण्याने करतो!"

शिंप्याने कात्री घेतली आणि तंबूची मागची बाजू वरपासून खालपर्यंत कापली. "ये रे मागून!" तो ओरडला. "कापड दुकानातलं आहे, शिवण माझी आहे."

ड्रायव्हर आत आला आणि त्याच्यामागून रानातले सगळे डास. रात्रभर आम्ही चापट्या मारत होतो. डासांना कमी बसल्या, शिंप्यालाच जास्त!