आर्लिसबाईंचं कॅसरोल
ऑर्विल ट्वेटने संध्याकाळी सहाला बायकोच्या, आर्लिसबाईंच्या हातचं अळंबीचं कॅसरोल, म्हणजे खोलगट भांड्यात भट्टीत भाजलेला तो सायीचा पदार्थ, दोनदा वाढून घेतलं आणि सव्वासहाला बसल्या खुर्चीत प्राण सोडला. धडधाकट माणूस असा अचानक गेला, म्हणून देह राजधानीतल्या मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या सरकारी कार्यालयात गेला. चार दिवसांनी देह परत आला, कारण मात्र तिथेच राहिलं. मृत्यूच्या दाखल्यावर कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता: प्रलंबित.

गाव पक्कं लूथरन, मनातलं मनातच ठेवणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं. तोंडावर कुणी अवाक्षर काढणार नाही. पण दर महिन्याला प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात सगळे घरून एकेक पदार्थ आणत, तिथे आर्लिसबाईंचं कॅसरोल आता भरलेलं यायचं आणि भरलेलंच परत जायचं.

"आज पोटाला जरा बरं नाही गं," शेजारीण बर्डीन म्हणायची. हे पोट अकरा महिने बिघडलेलं होतं, तेही फक्त त्या एका भांड्यासमोर.

"अगं, बटाट्याचं कर ना एखाद्या वेळी," तीच वर सुचवायची.

"का म्हणून? म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखंच की!" आर्लिसबाई हट्टाला पेटल्या होत्या. पुढच्या खेपेला त्यांनी अळंबी दुप्पट घातली.

राजधानीतलं ते रखडलेलं कार्यालय सुधारायला राज्याच्या गव्हर्नरांनी समिती नेमली होती, समितीने उपसमिती, आणि उपसमितीला बसायला अजून खोली मिळायची होती. निवडणूक आली तसे विरोधी पक्षाचे सेनेटर हॉलिंगर कॅमेरा घेऊन थेट तळघरात उतरले.

"या माउलीने नवऱ्याला विष घातलं नाही," ते गरजले, "एवढं सांगायला सरकारला अकरा महिने पुरत नाहीत?"

विष हा शब्द तिथे प्रथमच मोठ्याने उच्चारला गेला. ज्या दोघातिघांना काही ठाऊक नव्हतं, त्यांच्याही ज्ञानात भर पडली. आर्लिसबाईंनी ताट भरून पुढे केलं.

"घ्या ना, सेनेटरसाहेब."

"वा, काय वास सुटलाय! पण मॅडम, मला अळंबी सोसत नाही हो."

"मलाही," बर्डीन पुटपुटली.

ते चित्रण राज्यभर फिरलं. टीका करणाराच साध्या निर्धोक अन्नाला कसा घाबरला, हे दाखवायची गव्हर्नरांच्या माणसांना इतकी घाई झाली, की नऊ दिवसांत दाखला हजर. हृदयविकाराचा झटका, अन्नात काहीही आढळलं नाही. गव्हर्नरांनी त्याचं श्रेय उपसमितीला दिलं.

पुढच्या जेवणाला आर्लिसबाईंनी दाखल्याची प्रत भांड्याच्या झाकणावरच चिकटवली. लोकांनी ती उभ्याउभ्या वाचली आणि रांग लागली. बर्डीनने तर दोनदा वाढून घेतलं. पंधरा मिनिटांत भांडं चाटूनपुसून साफ!

आर्लिसबाईंचा आनंद गगनात मावेना. कधी एकदा घरी जाऊन ऑर्विलला सांगते असं होऊन त्यांनी लगबगीने कोट चढवला, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मटकन खाली बसल्या. खून केला नाही हे सिद्ध करण्याच्या नादात अकरा महिने त्यांना रडायला फुरसतच झाली नव्हती.