सिनेमा ऐकायला गेलेली सुवर्णाक्का

सुवर्णाक्कानं अलीकडं जेवढे सिनेमे बघितले, त्यातला एकही तिनं ऐकला नव्हता. यात कानांचा दोष नाही. कान ठणठणीत आहेत. दोन घरं सोडून कुणी तिचं नाव काढलं तरी तिला कळतं. पण ती सिनेमा बघायची पॉवरलूमच्या शेडमध्ये. सीमाभागातल्या शहापुरातल्या एका अरुंद बोळात शेड म्हणजे घराचाच मागला अर्धा भाग. एका बाजूचे माग सुवर्णाक्का आणि तिचा नवरा परशराम चालवायचे, दुसऱ्या बाजूला शेजारची अक्काताई कामाला यायची. माग सुरू झाले की तिथं शेजारी उभ्या असलेल्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही. मग सुताच्या कांड्यांच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवायचा, एक डोळा साडीच्या काठावर आणि एक डोळा सिनेमावर.

लेकीनं एकदा कानात घालायच्या वायरी आणून दिल्या होत्या. पण कानात गाणं शिरलं की मागाचा सूर कळत नाही, आणि सुताची तार तुटली की आधी सूर बदलतो. पहिल्याच दिवशी हातभर काठ बिघडला. परशरामनं वायरी गुंडाळून देवाच्या कोनाड्यात ठेवून दिल्या, जणू देवालाच गाणी ऐकायची आहेत.

त्यामुळं सुवर्णाक्काच्या लेखी कन्नड, हिंदी, मराठी, कोरियन असे सिनेमे नव्हतेच. माणूस रडला की रडला, हसला की हसला. परदेशी सिनेमात खाली इंग्रजी अक्षरं पळायची. सुवर्णाक्काची शाळा तिसरीत सुटलेली, तीही कन्नड. "त्यांना कुठं जायचं असंल तिकडं जाऊ देत," म्हणायची आणि पळणाऱ्या अक्षरांकडं बघायचीसुद्धा नाही. गोष्ट ती स्वतःच जुळवायची. अशी जुळवलेली गोष्ट चुकते की बरोबर असते, हे तपासायची वेळ कधी आली नव्हती.

ती वेळ आणली विक्रमनं. विक्रम गल्लीतलाच, पतसंस्थेत कारकून, आणि सिनेमाचं वेड लागलेला. देवळामागच्या हॉलमध्ये त्यानं महिन्यातून एका रविवारी दुपारी बैठक सुरू केली. ज्यानं त्यानं यायचं, अलीकडं कुठला सिनेमा बघितला, कसा वाटला ते सांगायचं, आणि दुसऱ्याला पटलं नाही तर त्यानं तोंडावर सांगायचं. आधी पाचसहा पोरं यायची. मग चहा मिळतो हे कळलं आणि गल्लीच आली.

सुवर्णाक्का पहिल्यांदा गेली ती अक्काताईच्या सोबतीनं, मागं दाराजवळ बसायला. त्या दिवशी रिटायर झालेले एस.टी. ड्रायव्हर भरमाण्णा एका पैलवानाच्या सिनेमावर बोलत होते.

"हिरो म्हणं पैलवान! अंगाला माती लागली की अंघोळीला पळतंय. ह्याच्यापेक्षा आमचं बैल बरं."

कॉलेजात शिकणारी सौम्या ताडकन उठली. "काका, तुम्ही अर्धा सिनेमा झोपला होता, मी बघितलंय."

"अर्धा न्हाय. गाण्यापुरता."

"आणि गाण्यातच त्याचा बाप मरतो!"

"बाप मरतोय आणि गाणं लावत्यात? मग झोपलो तेच बरं केलं की!"

हॉल दोन्हीकडून तुटून पडला. चहा निवला तरी कुणाचं लक्ष नव्हतं. सुवर्णाक्का बघत राहिली. तिला तो सिनेमा माहीत नव्हता, पण भांडण फार आवडलं. गिऱ्हाईक साडी बघतं ना, पदर उलगडून, उजेडाकडं धरून, नखानं काठ खरवडून, तसं आपलंही म्हणणं कुणीतरी हातात घ्यावं, उलटसुलट करावं, खोट काढावी, असं तिला वाटून गेलं. घरात तिच्या बोलण्यात कुणी खोट काढत नव्हतं, कारण घरात कुणी तिचं बोलणं उलगडतच नव्हतं. परशराम "व्हय व्हय" म्हणायचा आणि कांड्या मोजायचा.

पुढच्या महिन्यात ती उठली. पदर सारखा केला आणि एका परदेशी सिनेमाबद्दल सांगायला लागली. विक्रमनंच तो सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवला होता, त्यामुळं बऱ्याच जणांनी बघितलेला. बर्फातलं गाव, एकटा म्हातारा, आणि त्याच्या घरी रोज येणारी एक बाई.

"पोरगा गेलेला म्हाताऱ्याचा," सुवर्णाक्का म्हणाली. "पण सुनेनं सासऱ्याला सोडलं न्हाय. रोज भाकरी घालती, आंघोळ घालती, पायात मोजे घालती. शेवटाला पिशवी घेऊन माहेराला निघती, तर दारात हुंदके देती. चार दिवसांनी परत येणार हाय, तरी रडती! अशी सून मी आमच्या गल्लीत तरी बघितली न्हाय."

मग सौम्या हळूच म्हणाली, "आक्का, ती सून नाही हो. नर्स आहे. पगारावर ठेवलेली. म्हाताऱ्याला पोरगा नव्हताच. शेवटी तिचं तिथलं काम संपतं आणि ती कायमची जाते."

आधी एक जण हसला, मग सगळे. वाईट हसू नव्हतं ते, आणि तिथंच घोळ होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लहान पोरीनं पाटीवर पहिलं अक्षर गिरवल्यावर वाजवतात तशा.

"काय बिघडत न्हाय आक्का," विक्रम म्हणाला. "तुमचा सिनेमा आमच्यापेक्षा भारी हाय." आणि त्यानं पुढच्याला उठवलं.

सुवर्णाक्का खाली बसली. चुकल्याचं तिला फार लागलं नाही. मागावर रोज काहीतरी चुकतं, उसवायचं आणि परत विणायचं. लागलं ते दुसरंच. भरमाण्णा झोपून बोलले तर त्यांच्याशी सगळे हमरीतुमरीवर आले, आणि ती जागी राहून बोलली तर टाळ्या.

घरी येईपर्यंत बातमी तिच्या आधी पोचली होती.

"झालं तेवढं बास," परशराम म्हणाला. "गल्लीभर सून सून करत्यात. आता परत जाऊ नको."

"जाणार."

"कशाला?"

"भांडायला."

"कुणासंगं?"

"ते तिथं गेल्यावर ठरंल."

त्या सिनेमाला हिंदी आवाज घातलेला पण आहे, असं विक्रमकडून कळलं. हिंदी सुवर्णाक्काला समजतं. पण ऐकायचं कुठं? घरातले माग बंद ठेवले तर समोरच्यांचे सुरू, समोरच्यांचे थांबले तर मागच्यांचे. शहापुरात शांतता हवी तर देवालासुद्धा गाव सोडावं लागेल. सुवर्णाक्कानं लेकीकडं, संकेश्वरला जायचं ठरवलं. इकडच्या सरकारी बसमध्ये आधार कार्ड दाखवलं की बायकांना भाडं नाही, म्हणून परशरामला त्या बाजूनंही काही बोलता येईना.

लेक स्वरूपा दारातच घाबरली. "आई! अशी अचानक? आप्पा बरं हाईत न्हवं?"

"बरं हाईत. मी सिनेमा ऐकायला आलोय."

स्वरूपानं आईच्या कपाळाला हात लावून बघितला.

स्वरूपाचं घर हमरस्त्यापासून आत, उसाच्या कडेला. एरवी तिथं शांत असतं, पण गाळप सुरू होतं. कारखान्याकडं निघालेला प्रत्येक ट्रॅक्टर आपापलं गाणं गावाला ऐकवत जात होता. सुवर्णाक्का आतल्या खोलीत गेली, दार लोटलं, खिडकी लावली, आणि ज्वारीच्या पोत्याला टेकून मोबाईल मांडीवर घेतला.

पहिली पंधरा मिनिटं तिला रडूच येईना, राग आला. म्हातारा शिव्या देत होता. बिनआवाजाचा किती गरीब दिसायचा! आणि ती बाई, ती सोन्यासारखी सून, फोनवर कुणाशी तरी पगार वाढवून मागत होती. म्हाताऱ्याला दटावत होती. रात्री आपल्या लांब राहिलेल्या पोराला फोन करून म्हणत होती, अजून थोडे दिवस, मग येते.

सुवर्णाक्कानं सिनेमा थांबवला आणि बाहेर येऊन बसली. इतके दिवस मनात जपलेली सून कुणीतरी उचलून नेली होती.

"एवढा तरास होतोय तर नको बघूस की," स्वरूपा म्हणाली.

"अर्ध्यात माग सोडून कोण उठतंय काय?" म्हणून सुवर्णाक्का परत आत गेली.

पुढं पुढं तिला ती दुसरी बाई आवडायला लागली. कामाला आली होती, काम चोख करत होती, पगार वेळेवर मागत होती. म्हातारा ओरडला तर उलट ओरडत होती, पण औषधाची वेळ चुकवत नव्हती. ही बाई ओळखीची होती. शेवटी ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली, वाजंत्री सुरू झाली, आणि ती रडली. सुवर्णाक्काचे डोळे मात्र कोरडेच राहिले. आवाज नसताना इथंच तिनं पदर भिजवला होता. तिनं तेवढा तुकडा पुन्हा लावला. पुन्हा कोरडे.

परतीच्या बसमध्ये ती एकटीच ओठ हलवत होती. शेजारच्या बाईला वाटलं, जप चाललाय. ती थोडी सरकून बसली.

पुढच्या बैठकीत सुवर्णाक्का पहिलीच उठली.

"परत तोच सिनेमा," ती म्हणाली.

"आक्का, सूनबाईवाला?" मागून कुणीतरी म्हणालं. हसू आलं, गेलं. सुवर्णाक्का ते संपेपर्यंत थांबली.

"मागल्या खेपेला चुकलो. सून न्हवती ती, पगारी बाई. आता सगळा ऐकून आलोय. आणि मला सिनेमा आवडला न्हाय."

विक्रमच्या हातातला कप तसाच राहिला. हा त्याचा सगळ्यात लाडका सिनेमा. "का आक्का?"

"शेवटाला ती रडती ते मला पटलं न्हाय. ती बाई कामाला आलती. काम चांगलं केलं, पगार घेतला, आता आपल्या पोराकडं निघाली. रडायचं काय त्यात? सिनेमावाल्यानं रडवली तिला. का, तर बघणाऱ्याला बरं वाटावं. पगारी बाईनं नुसतं काम चांगलं केलेलं आपल्याला पुरत न्हाय. माया बी पाहिजे, आणि ती फुकटात. लग्नाच्या किती साड्या मी विणल्या. एक बी साडी दुकानात जाताना मी दारात हुंदके दिले न्हाईत. म्हणून साडी वाईट झाली व्हय?"

विक्रमनं सवयीनं टाळीसाठी हात उचलले.

"टाळ्या नको रं," सुवर्णाक्का म्हणाली. "पटलं न्हाय तर सांगा."

एवढ्या मोठ्या बाईला कसं सांगायचं, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. सुवर्णाक्का उभीच राहिली. उत्तर मिळाल्याशिवाय ती बसणार नव्हती, आणि हे हळूहळू हॉलच्याही लक्षात आलं.

"साफ चूक!"

आवाज दाराजवळून आला. अक्काताई उभी राहिली होती. आजवर तिथं तिनं चहा मागण्यापलीकडं तोंड उघडलं नव्हतं.

"माझ्या माहेराला, बोरगावला, आईला शेवटचं वरीस एक बाई बघायची. पगारीच. आई गेली तवा आमच्यापेक्षा ती जास्त रडली. तिला कुठल्या सिनेमावाल्यानं रडवली गं?"

सुवर्णाक्का क्षणभर अडकली. मग म्हणाली, "पगार बंद झाला म्हणून रडली असंल."

"तोंड सांभाळ सुवर्णे! वर्षभर उचलून धरलेलं माणूस जातं, तवा पगार आठवतोय व्हय?"

"तू विचारलंस तिला, का रडली ते?"

"रडणाऱ्याला कारण कोण विचारतंय!"

"मग तुला कुठनं म्हाईत?"

सौम्यालाही राहवेना. "आक्का, मला पण नाही पटलं. साडी आणि माणूस एक कसं? साडी तुम्हाला शिव्या देत नाही, तुमचा हात धरत नाही."

"शिव्या देत न्हाय?" भरमाण्णा मध्येच. "परशरामाला विचार, साडी बिघडली की कोण कुणाला काय देतंय! सुवर्णाबाईचं बरोबर हाय. मी जल्मभर गाडी चालवली, उतरणाऱ्या पॅसेंजरासाठी कधी रडलो न्हाय."

"पॅसेंजर रडले असतील, तुमची गाडी बघून," सौम्या म्हणाली.

आता कोण कुणाच्या बाजूचं ते कळेनासं झालं. विक्रमनं दोन्ही हात वर केले. "ऐका, ऐका! दोघींचं बी आपापल्या जागी बरोबर..."

"तू गप रं!" सुवर्णाक्का आणि अक्काताई एकदमच म्हणाल्या.

हॉल बंद करायची वेळ झाली तेव्हा लोकांना अक्षरशः बाहेर काढावं लागलं. विक्रम कुलूप लावत होता आणि पायरीवर दोघी अजून उभ्या होत्या, एकमेकींकडं न बघता.

"तुझं मला जरा सुद्धा पटलं न्हाय," अक्काताई म्हणाली.

"कळलं." सुवर्णाक्काचा चेहरा उजळून निघाला होता. तो लपवायला तिनं मान दुसरीकडं वळवली. पण आतून तिला एक गोष्ट टोचत होती. बोरगावच्या बाईचं उत्तर तिच्याकडं नव्हतं. पगाराचं ती आपलं अडकल्यावर काहीतरी बोलली होती, आणि ते खोटं आहे हे तिला बोलतानाच कळलं होतं. पण मग खरं काय?

"ती बाई अजून हाय काय गं बोरगावात?"

"हाय. का?"

"नाव सांग तिचं."

"कशाला?"

"जाऊन विचारतो, का रडली. पगारासाठी न्हवती असं ती म्हणाली, तर पुढच्या बैठकीत उठून सांगीन, सुवर्णा चुकली म्हणून. पण तिच्या तोंडून ऐकल्याबिगर न्हाय."

अक्काताईनं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"एकटी जाऊ नको," ती म्हणाली. "तू वाकडं विचारशील. मी बी येतो."