मावशीची उत्तरं मावशीच देणार

माझी मावशी शिवणकाम करायची, आणि तिची जीभ कात्रीपेक्षा धारदार होती. पक्षाघाताचा झटका आला आणि दोन्ही एकदम थंडावल्या. उजवा हात लुळा पडला, शब्द अडखळू लागले. डोकं मात्र शाबूत होतं, पण ते घरात कुणी लक्षात घेईना.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, तिला तळहातावरच्या फोडासारखं जपायचे. मशीनवर त्यांनी चादर घातली, कात्री कपाटात ठेवली. तिने घास उचलायच्या आत भरवायचे, तोंड उघडायच्या आत बोलायचे.

एक दिवस दवाखान्यातल्या थेरपिस्टबाई घरी आल्या. झटक्यानंतर माणूस कसं जगतंय ते प्रश्न विचारून मोजायचं, गुण द्यायचे आणि त्यावरून पुढचे उपचार ठरवायचे, अशी त्यांची पद्धत. काकांना वाटलं, ही आपल्याच सेवेची परीक्षा!

"कपडे घालता येतात?"

"अगदी व्यवस्थित!" काका म्हणाले. घालून द्यायचे तेच.

"जेवण?"

"पोटभर!"

"मन रमतं?"

"रमतं म्हणजे? राणीसारखी ठेवलीय!"

"छान! मग उपचार थांबवायला हरकत नाही."

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. तिला हात परत हवा होता, मशीन परत हवं होतं, आणि नवऱ्याने तिला पहिल्या नंबराने पास करून घरी बसवलं होतं. मला काकांचा असा राग आला!

मावशीने डाव्या मुठीने टेबलावर दणका दिला. "प... परत. मला विचारा."

"अगं, तुला त्रास होईल..."

"ग... गप्प बसा!"

हे काकांनी जन्मभर ऐकलं होतं, झटक्यानंतर मात्र पहिल्यांदाच. ते गप्प बसले.

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या आणि पहिल्यापासून सुरू झाल्या. चहा निवून गेला. एकेका उत्तराला मावशीला घाम फुटत होता. मी शब्द पुरवायला गेले, तर माझ्यावरही डोळे वटारले.

कपडे? "हे... घालतात."

जेवण? "भ... भरवतात."

मन? "मशीन... झाकलंय."

"घरच्यांवर ओझं झालेय, असं वाटतं?"

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"रोज," मावशी म्हणाली. हा एकच शब्द अडखळला नाही.

गुण धाडकन खाली आले आणि उपचार चालू राहिले. काका डोळे पुसत उठले, मशीनवरची चादर काढली आणि सवयीने सुईत दोरा ओवायला वाकले.

"द्या... इकडे," मावशी म्हणाली.

डाव्या हातातला दोरा पुन्हा पुन्हा चुकत होता. काका हात मागे बांधून उभे राहिले.