सखारामभाऊंची कंपनी

जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे उघडायचो, तेव्हा सखारामभाऊ कोळेकर रस्त्यापलीकडच्या कारखान्याच्या गेटावर उभे असायचे. त्या कंपनीचे शेअर त्यांनी घेतले होते. ट्रक भरून गेला की रिकामा, कामगारांच्या पायांत चपला कशा आहेत, सगळं निरखायचे. "दात बघितल्याबिगर मेंढी घेत नाय आम्ही," म्हणायचे. पिशोरचं धनगराचं घर. चिकलठाण्यात लेथवर वीस वर्षं काढली तरी नजर कळपावरचीच. डिव्हिडंड आला की "लोकर निघाली" आणि बोनस शेअर मिळाला की "मेंढी व्याली" म्हणत अख्ख्या शेडमध्ये पेढे वाटायचे.

पेढे आम्ही खाल्ले, पण मला घोर लागला होता. मुलीच्या, सुमनच्या, इंजिनिअरिंगसाठी जमवलेली सगळी पुंजी त्या एकाच कंपनीत होती. मी शहरातल्या छावणी भागातला. नामांतराच्या मोर्च्याला गेलो की माझं मशीन सखारामभाऊच सांभाळायचे. त्या हक्कानं एकदा त्यांच्या घरी जाऊन म्हणालो, "भाऊ, निम्मे तरी म्युच्युअल फंडात टाका. पन्नास कंपन्यांत थोडे थोडे जातात. एक बुडाली तरी बाकीच्या तारतात."

"पन्नासांचे दात कवा बघू? त्यात लंगडी बी असतील. न बघता घ्यायला मी काय येडा हाय व्हय?"

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गावाकडच्या सात शेळ्या सात घरी अर्धलीनं दिल्यात ना तुम्ही? पिल्लं निम्मी त्यांची, निम्मी आपली. एका दावणीला रोग आला तर समद्या जाऊ नयेत म्हणून. शेळ्यांपुरतीच अक्कल हाय का? पोरीसाठी नाय?"

सखारामभाऊंचा चहा बशीतच निवला. त्याच आठवड्यात त्यांनी निम्मे शेअर विकून फंडाचा फॉर्म भरला, आणि रजा टाकून त्या पन्नास कंपन्या पाहायला निघाले! तिसऱ्याच गेटावर त्यांना चोर समजून धरलं. "मी मालक हाय, थोडासा," असं सांगितल्यावर तर आणखीच बसवून ठेवलं. परत आले ते तणतणत. "फंडवाला पैसे कशाचे घेतो? बघंल त्योच!"

दोन वर्षांत रस्त्यापलीकडच्या कारखान्याला कुलूप लागलं. उरलेल्या शेअरची रद्दी झाली. सुमनची फी मात्र फंडातून भरली गेली. पावती घेऊन सखारामभाऊ माझ्या मशीनपाशी आले आणि रडले. मलाही राहवलं नाही. म्हटलं, चला, आता तरी हा माणूस आमच्याबरोबर जेवेल.

कसचं काय! सुट्टी झाली की डबा घेऊन रस्ता ओलांडायचे. बंद कारखान्यात एक म्हातारा वॉचमन तेवढा उरला होता, आणि त्याचा सहा महिन्यांचा पगार थकला होता. सखारामभाऊ गजांतून त्याला अर्धी भाकरी द्यायचे.

मी वैतागून म्हणालो, "अहो, तुमचेच पैसे बुडाले. तुम्ही कशाला?"

ते माझ्यावरच डाफरले, "नफा घेतला तवा मालक होतो. आता कोण हाय मग?"