शेठनी परत केलेली शाल

आमचे नगरसेवक मूळचे राजस्थानचे. भाईंदरला आले, कापडाचा कारखाना काढला, मग निवडणूक जिंकली. पण हात अजून कारखान्यातच आहे. समोरच्याची बाही चिमटीत धरल्याशिवाय त्यांना त्याचं बोलणं ऐकूच येत नाही!

पेणकरपाड्यातल्या आमच्या सोसायटीला पालिकेचं पाणी येईना, म्हणून आम्ही अर्ज घेऊन गेलो. शेठनी अर्ज उघडलाही नाही. माझी बाही चोळून म्हणाले, "बोअरच्या पाण्यात धुताय ना? कपडा पापड झालाय, भाऊ." आठवड्यात नळाला गोडं पाणी!

आम्ही लगेच सत्कार ठरवला. नेमकं चार दिवस आधी पाणी पुन्हा गेलं. "आज रडगाणं नको," सेक्रेटरी म्हणाले, "नुसतं हसत राहा." मी हसत हसत शेठच्या खांद्यावर शाल घातली. त्यांनी सवयीने आधी शाल चोळली, मग माझी बाही. त्यांचा चेहरा पडला.

"फिर से बोअर?"

"छे हो शेठ, पाणी मस्त येतंय!"

"भाऊ, तुमची बाही वेगळं सांगते." शाल काढून त्यांनी माझ्या हातात दिली आणि स्टेजवरूनच पाणी खात्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. मी शाल घेऊन तीनदा त्यांच्या ऑफिसात गेलो. तिन्ही वेळा त्यांनी ती चोळली आणि हसून परत दिली. त्या दिवशी ती त्यांनी पाण्यासाठी उतरवली की तिच्यातल्या पॉलिस्टरसाठी, हे मला अजून कळलेलं नाही.